पाव गो. सकाळी

आमच्या मेडिकलमध्ये ‘पाव’ हा शब्द बंद आहे. बोलायचा नाही, लिहायचा तर नाहीच नाही. पाव गोळी द्यायची असेल तर ‘चतकोर’ म्हणायचं आणि पाकिटावर एक गोल काढून त्याचा चौथा हिस्सा पेनाने काळा करायचा. नवीन भरती झालेल्या पोरापोरींना हे पहिल्यांदा सांगितलं की ती एकमेकांकडे बघायला लागतात. एका दीडशहाण्याने तर हात वर करून विचारलं होतं, “मॅडम, क्वार्टर म्हटलं तर चालेल?” अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हण की. पण खिडकीबाहेरच्या माणसाने विचारलं, पाण्याबरोबर घेऊ की सोड्याबरोबर, तर उत्तर तू द्यायचंस.”

ह्या आमच्या बेकरी मॅडम. सारखं पाव-पाव चालतं म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. “आज बेकरी आहे का?” म्हणजे आज ट्रेनिंग आहे का. एकदा हे नाव मीच त्यांच्यासमोर बोलून गेलो आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, “राहू द्या काका. नाव लक्षात राहिलं तर नियमही लक्षात राहील.” मला सगळे स्टोअरकाका म्हणतात, माझ्याहून मोठे आहेत तेसुद्धा. मेडिकलच्या मागच्या खोलीत खोक्यांच्या राशीत माझी एकतीस वर्षं गेली, मॅडमची पुढच्या खिडकीशी सव्वीस.

हॉस्पिटलच्या तळघरात आहे हे सगळं. बारा पायऱ्या उतरून यायचं. पुढे जाड काच, काचेच्या तळाशी वीतभर फट, तिच्यातून चिठ्ठी आत येते आणि पाकीट बाहेर जातं. बाहेरचा माणूस बोलतो ते आत अर्धं ऐकू येतं, आणि आतला बोलतो ते बाहेर चतकोर. ट्रेनिंग होतं ती शेजारची खोली. पूर्वी तिथे एक्स-रे काढायचे, म्हणून भिंती जाडजूड आणि दाराला शिशाचा पत्रा. दार लागलं की मोबाईलसुद्धा मान टाकतो. उजेड ट्यूबलाईटचा. सकाळी दहाला आत गेलेला माणूस बाहेर काय वाजले असतील ते सांगू शकत नाही.

मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा पंचविशीच्या आत होत्या, आणि त्यांचं अक्षर! अहाहा. ते अक्षर बघून शाळेतल्या मास्तरांनी खडू खाली ठेवावा. उजवीकडे झुकलेलं, एकातून एक निघालेलं, झोकदार. हॉस्पिटलातल्या सगळ्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. कोणी रिटायर झालं की निरोपाचं पत्र त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे. पेशंट औषध संपलं तरी पाकीट टाकत नसत. मॅडमना त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? आमच्या धंद्यात डॉक्टरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. त्यात एक माणूस सुंदर लिहितो म्हटल्यावर त्याने जरा मिरवलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटायचं.

बिघडलं ते बारा वर्षांपूर्वी. दुपारची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती आणि खिडकीपुढची रांग वरच्या पायरीपर्यंत गेलेली. रांगेत एक दहा वर्षांची मुलगी. टाचा उंचावून तिने फटीतून चिठ्ठी आत सरकवली. तिचा बाप वर गाडीत म्हाताऱ्या वडिलांना धरून बसला होता. चिठ्ठीवर म्हाताऱ्याच्या हृदयाची गोळी होती. बारकी, पांढरी. बेताने दिली तर ठोके ताळ्यावर ठेवते, जास्त झाली तर ठोकेच थांबवते. म्हाताऱ्याची किडनी नाजूक, म्हणून डॉक्टरांनी रोज पाव गोळी लिहिलेली. मॅडमनी दहा गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली आणि वर आपल्या झोकदार अक्षरात लिहिलं, ‘पाव गो. सकाळी’.

आता तुम्हीच पेन घ्या आणि घाईघाईत ‘पाव’ लिहून बघा. ‘व’चं पोट नीट मिटलं नाही की झाला ‘च’. बरं, ‘गोळी’ असं पूर्ण लिहिलं असतं तर वाचणारा अडखळला असता, कारण पाच गोळी असं कोणी म्हणत नाही, पाच गोळ्या म्हणतात. पण ‘गो.’मध्ये एकही मावते आणि पाचही मावतात.

घरी त्या मुलीला आई नव्हती. बाप पहाटे कामावर जायचा. आजोबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. गोळ्या तीच द्यायची. पहिल्या सकाळी तिने पाच दिल्या, दुसऱ्या सकाळी पाच. चाळीस दिवसांची पट्टी दोन दिवसांत संपली. म्हातारा ओकत होता, सगळं पिवळं दिसतंय म्हणत होता. घरच्यांना वाटलं, कावीळ झाली. तिसऱ्या दिवशी बाप रिकामी पट्टी आणि ते पाकीट घेऊन आमच्या खिडकीशी आला, आणखी द्या म्हणून. मॅडमनी पट्टी बघितली, पाकीट बघितलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी पाठवून म्हाताऱ्याला आणेपर्यंत तो गेला होता.

चौकशी झाली. आमच्या अधीक्षक साहेबांच्या टेबलावर एक जबाब तयार झाला. त्यात लिहिलं होतं, ‘सोबत आलेल्या मुलीस डोस तोंडी समजावून सांगितला व तिच्याकडून वदवून घेतला. घरी वाचताना मुलीची चूक झाली.’ खाली मॅडमची सही. त्याखाली साक्षीदाराची सही, ती माझी. आणि खरं काय? खरं हे की मॅडमनी त्या मुलीला अवाक्षर सांगितलं नव्हतं. पाकीट फटीतून बाहेर ढकललं आणि “पुढचा!” म्हणाल्या, एवढंच. हे त्यांनी मला त्याच आठवड्यात रडत सांगितलं होतं. माझ्या सहीबद्दल आत्ता काही विचारू नका. मला राग येतो, आणि कोणाचा येतो ते सांगायची सोय नाही.

मॅडमनी सही का केली, असं विचारणारे विचारोत. त्याच वर्षी मॅडमच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उपचार आमच्याच हॉस्पिटलात, बिऱ्हाड मागच्या आवारात, स्टाफच्या दोन खोल्यांत. साहेब त्यांना म्हणाले, “बाई, तुमचं लायसन्स गेलं तर तुम्ही जाल, घर जाईल, यजमानांचा रोजचा व्यायाम जाईल. म्हातारा काही परत येणार नाही.” साहेब ओरडत नाहीत हो, हीच तर पंचाईत आहे. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हे पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि अंगावर शाल पांघरल्यासारखं बोलतात.

महिन्याभरात साहेबांनीच काढलं की चुका टाळायचं ट्रेनिंग सुरू करू आणि ते बाईच घेतील, त्यांच्याइतक्या कळकळीने कोण घेणार? बाहेरच्यांना वाटलं, बढती मिळाली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या शिशाच्या दारामागे ती बाई उभी राहते आणि सांगते, “एका ठिकाणी, एका फार्मासिस्टने एकदा...” बारा वर्षं! स्वतःची गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगायची, आणि तीही साहेबांनी मंजूर केलेली. त्यात ‘तोंडी समजावून सांगूनही घरच्यांकडून वाचनात चूक झाली’ हे वाक्य आलंच पाहिजे. एकदा त्यांनी ते गाळलं, तर दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहाला बोलावून यजमानांच्या तब्येतीची चौकशी केली.

मध्ये एकदा त्यांनी राजीनामा लिहिला होता. दुसऱ्या गावात बहिणीचं छोटं मेडिकल आहे, तिथे जायचं होतं. साहेबांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही गेलात की लोक विचारणार, का गेल्या. मग जुनं सगळं वर येणार.” संपला राजीनामा. मला त्या एकदा म्हणाल्या, “काका, ह्या आवाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकून मला किती महिने झाले सांगा बघू. भाजी दाराशी येते, औषधं तळघरात, हे कॉटवर. मला बाहेर कामच उरलं नाही.” मी म्हटलं, बरं आहे की, चपला झिजत नाहीत. त्या हसल्या. असले फालतू विनोद करून मी बारा वर्षं वेळ मारून नेली आहे.

आणि ते झोकदार अक्षर? गेलं. आता त्या पहिलीतल्या पोरासारखं सुटं सुटं, मोठं मोठं लिहितात. ‘व’चं पोट दोनदा गिरवून बंद करतात.

ट्रेनिंग मात्र फर्मास घेतात, खोटं कशाला बोलू? त्यात माझं नाटक असतं. गळ्याला मफलर गुंडाळून मी खिडकीवरचा बहिरा म्हातारा होतो. खोकतो, चिडतो, भलतंच ऐकतो. समोरच्या पोराने मला औषध समजवायचं आणि माझ्याकडून परत वदवून घ्यायचं. मी मुद्दाम चुकीचं म्हणतो, “रात्री दोन ना?” समोरचा मान डोलावून “हां, हां” म्हणाला की तो नापास. बहुतेक सगळे म्हणतात. माणसाला हां म्हणायची केवढी घाई असते! मॅडम मग शांतपणे सांगतात, “म्हातारे गेले. पुढचा.” अशा रीतीने मी दर महिन्याला दहा-बारा वेळा मरतो. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला टाळ्या पडल्या त्या फक्त इथे.

ह्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी आली. बावीस वर्षांची, किडकिडीत, फार्मसीची पदविका पहिल्या वर्गात. तिला आठवड्याभरात नाव पडलं ‘तिबार’. कारण चिठ्ठी असो, पट्टी असो, पाकीट असो, ही बाई ओठ हलवत तीन वेळा वाचणार. रांगेतले लोक काचेवर टकटक करायचे, खिडकीवरची बाकीची मुलं वैतागायची, “अगं, डोकेदुखीची गोळी आहे ती, पाठ करून दाखवायचीय का?” तिबार मान खाली घालून तिसऱ्यांदा वाचायची आणि मगच द्यायची. मला आवडायची. स्टोअरमधून खोकं न्यायला आली तरी खोक्यावरचं तीनदा वाचून न्यायची.

पहिला सोमवार आला. एक्स-रेच्या खोलीत चौदा जण, मी मफलर गुंडाळून कोपऱ्यात तयार. मॅडमनी फळ्यावर ‘पाव’ लिहिलं, शेजारी ‘पाच’ लिहिलं, आणि गोष्ट सुरू केली. एका ठिकाणी, एका फार्मासिस्टने. सवयीने सगळं ओघात चाललं होतं. “तोंडी समजावून सांगूनही घरच्यांकडून...”

“घरच्यांकडून नाही, मॅडम.”

तिबार उभी राहिली होती.

“माझ्याकडून. ती मुलगी मी.”

मॅडम खडू धरून फळ्याशी तशाच.

तिबार म्हणाली, “तेव्हाच्या मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं होतं. माझ्याकडून वदवूनही घेतलं होतं. बाबांकडे कागदाची नक्कल आहे, त्यात आहे तसं. पण मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. मी खूप आठवून पाहिलं. खिडकीतून पाकीट आलं, एवढंच आठवतं. म्हणजे सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, असंच झालं ना? म्हणून मी तीनदा वाचते. तुम्ही सगळे हसता, हसा, मला राग नाही. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. मी मुद्दाम इथेच नोकरी मागितली. जिथे चुकले तिथे नीट करून दाखवायचं होतं.”

आजवर मला वाटायचं, आमच्या सह्यांनी एका मुलीवर दोष गेला. वाईट झालं, पण दोष जातो, माणूस मोठा होतो, विसरतो. इथे ही पोर बारा वर्षं स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवत बसली होती. तिची आठवण खरी होती आणि आमचा कागद खोटा होता, आणि ती कागदावर विश्वास ठेवून जगली. मी तो मफलर गळ्यातून काढून खिशात कोंबला.

मॅडम कशाबशा म्हणाल्या, “आजचं ट्रेनिंग संपलं.”

त्याच दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि जाताना मला ओढत नेलं. “साहेब, जबाब खोटा आहे. मी त्या मुलीला काही सांगितलं नव्हतं. मला ते लिहून द्यायचंय.”

साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. कपाटातून फाईल काढवली, जबाब मोठ्याने वाचला आणि म्हणाले, “बाई, कागद तेव्हाचा आहे, तुमची आठवण आजची आहे. बारा वर्षांनी आठवणी घोळ घालतात. ती मुलगी समोर बघून तुमचा जीव कळवळला, मी समजू शकतो. पण साक्षीदार आहे ना! काय हो काका? सांगितलं होतं ना बाईंनी?”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला निवृत्तीला सात महिने राहिलेले. मी म्हणालो, “साहेब, आता... इतक्या वर्षांनी... नक्की काय ते...”

“बघा,” साहेब म्हणाले. “यजमान कसे आहेत?”

जिना उतरताना मॅडम माझ्या पुढे चालत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाराव्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “तुम्हाला काय बोलू? मी तर सही करून बसलेय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकी उघडायच्या आधी, सगळ्यांसमोर त्यांनी तिबारला सांगितलं. “तेव्हाच्या मॅडम म्हणजे मी. मी तुला काहीही समजावलं नव्हतं. पाकीट ढकललं आणि पुढच्याला बोलावलं. तुला आठवत नाही, कारण आठवायला काही नाहीच. तुझी चूक नाही, माझ्या अक्षराची आणि माझी आहे.”

मला वाटलं, पोरगी रडेल, नाहीतर थोबाडीत मारेल. तिने मॅडमचा हात हातात घेतला. म्हणाली, “मॅडम, तुम्ही फार चांगल्या आहात. पण मला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या अंगावर घेऊ नका. कागदावर दोन सह्या आहेत. तुमची एकटीची असती तर मी मानलं असतं.”

आणि ती कामाला लागली. पहिली चिठ्ठी आली, ती तिने तीनदा वाचली. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. बारा वर्षांनी खरं बोलायचं धाडस केलं आणि ते कोणाला नकोच होतं. साहेबांना नको, आणि जिच्यासाठी बोलल्या तिलाही नको. मी स्टोअरमध्ये जाऊन एक खोकं उगाच इकडून तिकडे ठेवलं.

तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी तिबार सलाईनच्या बाटल्या न्यायला स्टोअरमध्ये आली. मी पावतीवर सही ठोकून दिली. ती पावती घेऊन गेली नाही. तिथेच उभी राहून वाचत राहिली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाचताना तिचा चेहरा बदलला.

“काका, ही सही मी ओळखते.”

मी पेनाला टोपण लावलं.

“खाली असा वळसा घेऊन वर दोन ठिपके. बाबांच्या कागदावर अशीच आहे. लहान होते तेव्हा मी ती गिरवून बघायचे, ह्या माणसाचं नाव काय असेल म्हणून.” तिने पावती माझ्यापुढे धरली. “मॅडम बोलल्या ते खरं आहे की मला बरं वाटावं म्हणून?”

तुम्ही म्हणाल, काय अवघड होतं त्यात? अहो, तोंडाला आलेलं वाक्य पुन्हा तेच होतं, इतक्या वर्षांनी नक्की काय ते. जिभेला वळणच पडलंय त्याचं. सात महिने. निरोपाचा कार्यक्रम, साहेबांचं भाषण, मग घरी जाऊन झोपा काढायच्या. पण ती माझ्याकडे बघत होती ते खिडकीवर ट्रेनिंगची पोरं माझ्याकडे बघतात तसं, मी काय परत बोलतो त्याची वाट बघत.

“खरं आहे,” मी म्हणालो. “बाईंनी तुला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं.”

“पण तुम्ही साक्षीदार होतात. तुम्ही ऐकलं असेल ना?”

“मी तिथे नव्हतोच गं. सुट्टीच्या आधीच जेवायला गेलो होतो.”

ती बाटल्यांच्या खोक्यावर बसली. “मला कोणी सांगितलंच नव्हतं?”

“नाही.”

“वदवून घेतलं नव्हतं?”

“नाही, पोरी.”

“मला कोणी काहीच सांगितलं नव्हतं?”

“नाही. काहीच नाही.”

मग ती रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी, नाक पुसत. मॅडम आवाज ऐकून आत आल्या आणि दारातच थांबल्या. तिबारने शिकलेल्या बाईसारखा नव्हे, अगदी घरातल्यासारखा आमच्यावर आवाज चढवला. “आता घरी चला. दोघंही. बाबांना सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगी स्वतःला सोडवून घेतेय. त्यांना वाचता येत नाही, पण त्या दिवसापासून घरात आलेला एकही कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलेला नाही. साधं विजेचं बिल आलं तरी शेजारी जातात वाचून घ्यायला. स्वतःच्या गोळ्या शेजारच्या काकूंकडून वाचून आणतात. मी फार्मासिस्ट झाले तरी!”

मॅडमनी पांढरा कोट काढून खुंटीला लावला. यजमानांपाशी बसायला आयाबाईंना सांगून आल्या. आम्ही बारा पायऱ्या चढत होतो तेव्हा शिपाई धावत आला, साहेबांनी बोलावलंय म्हणून. मॅडम म्हणाल्या, “उद्या येते म्हणावं.” फाटकाबाहेर पडल्यावर त्या दोनदा थबकल्या. रस्ता ओलांडताना तिबारने त्यांचा हात धरला.

तिचं घर वेल्डिंगच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. एक खोली, एक पोटमाळा. बाप लेथवर काम करणारा, हातांना तेलाचा कायमचा काळा रंग. आम्ही कुठून आलो ते कळल्यावर तो खुर्चीवरून उठला नाही आणि आम्हाला बसाही म्हणाला नाही. मॅडमनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, एक शब्द सावरला नाही. घाई, रांग, ‘व’चं पोट, “पुढचा!”, साहेबांचा ग्लास, सगळं. तो ऐकत होता. खालच्या दुकानातला आवाज मोठा होता, म्हणून त्यांना काही वाक्यं पुन्हा म्हणावी लागली.

मग तो उठला. पत्र्याच्या पेटीतून चार घड्यांचा कागद काढला. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. तो माझ्यापुढे धरून त्याने काळं बोट ठेवलं.

“ही तुमची?”

“माझी.”

“तुम्ही तिथे नव्हतात.”

“नव्हतो.”

“मग काय म्हणून केलीत?”

“साहेबांच्या शिपायाने कागदांचा गठ्ठा आणला होता. त्यात हा होता. दिवसाला साठ सह्या करतो मी. त्यातलीच एक केली.”

“वाचलं नव्हतंत?”

“नाही.”

त्याने कागदाची घडी केली. मुलगी दाराशी उभी होती, तिच्याकडे त्याने बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “माझ्या पोरीने दहाव्या वर्षी निदान वाचलं तरी होतं.”